मखराची एलईडी पट्टी तुळशीला चालेल का? ॲडॉप्टरला जळका वास येतोय

गवती चहा
८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. २१ वर्षं आमच्या बाल्कनीत सकाळी साडेसात ते अकरा ऊन यायचं. समोरची चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्या जागी २२ मजले उभे राहिले. ऊन संपलं. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप टाकून बघितलं. दुपारी बाराला बाल्कनीत ९००. तसाच फोन घेऊन गच्चीवर गेले, तिथे ९०,००० च्या वर. जिने चढून लागलेली धाप त्या आकड्याने अजून वाढली.

तुळस उंच झालीय, पण ती उंची बघवत नाही. शिवणाच्या टेपने मोजलं, दोन पेरांमधलं अंतर अडीच इंच. पानं फिकी आणि बारकी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, रोज पाणी घालताना म्हणतात, "हिला उपाशी ठेवलंय तुम्ही." पुदिन्याची तीच गत. शेवंतीची एक कुंडी आहे, तिला कळ्याच नाहीत. शेजारणीच्या शेवंतीला, तिच्या पश्चिमेच्या खिडकीत, मात्र कळ्या दिसायला लागल्या आहेत.

पहिला प्रयोग: ऑनलाइन जांभळा 'ग्रो बल्ब' मागवला, ४५० रुपये, खोक्यावर ५० वॅट. तिसऱ्या दिवशी वॉचमन वर आला. समोरच्या टॉवरमधून कोणीतरी विचारलं होतं की दुसऱ्या मजल्यावर काय चालतं. त्याला तुळस दाखवली, तीर्थ दिलं, गेला बिचारा. झाडात फरक शून्य.

दुसरा प्रयोग, आणि हाच प्रश्न: गणपतीच्या मखराला ह्यांनी १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली होती. ५ मीटरचा गुंडाळा, ५०५०, पिवळसर पांढरा उजेड. मखराला दीड मीटर कापून लावली होती, उरलेली तशीच पडून. मी दोन्ही तुकडे क्लिपने जोडले आणि लोखंडी रॅकच्या वरच्या फळीला खालून नागमोडी चिकटवले. ॲडॉप्टर मखराचाच, १२ व्होल्ट २ अँपिअर. सकाळी नऊला लावते, रात्री झोपताना अकराला बंद करते.

आठ दिवस छान वाटलं. परवा ॲडॉप्टरला हात लावला तर चटका बसला. काल जळका वास. पट्टीचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा मंद दिसतं आणि जिथे क्लिप लावली तिथे पट्टी पिवळी पडलीय. पट्टीखाली एका फुटावर २,५०० लक्स येतात. म्हणजे बाल्कनीच्या जवळजवळ तिप्पट. मग तुळस का सुधारत नाही?

तयार लाइट घ्या असं सांगू नका. साडेपाच हजारांचा बघून आले आहे.

---

मिठाचा खडा
८ ऑक्टोबर, रात्री ११:०५

बाप्पाचा उजेड तुळशीला? ताई, गणपतीला तुळस चालत नाही हे विसरलात. वास यायचाच.

(गंमत हो. आधी प्लग काढा.)

---

तांब्याची तार
९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, तो ॲडॉप्टर आजच ई-कचऱ्यात द्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

भोसरीच्या एमआयडीसीत ३१ वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं, त्यामुळे जळक्या वासाशी जुनी ओळख आहे. तुमचा हिशोब असा. ५०५० म्हणजे एलईडीच्या दाण्याचा आकार, ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर. मीटरला ६० दाणे असतील तर ही पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. मखराला दीड मीटर होती, म्हणजे साडेएकवीस वॅट. ॲडॉप्टर २४ वॅटचा. कसाबसा पुरला, आणि रोज चार-पाच तासच चालला. आता पाच मीटर म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. पट्टीतली तांब्याची वाट कागदासारखी पातळ असते, टोकाकडे व्होल्टेज गळत जातं (म्हणून शेवटचं टोक मंद), त्यामुळे प्रत्यक्षात चारेक अँपिअर ओढत असेल. तरीही दुप्पट, आणि तेही १४ तास. बैलगाडीला ट्रॉली जोडलीत तुम्ही.

क्लिपजवळ पिवळं पडलं त्याचं कारण वेगळं. क्लिपचा दात पट्टीवर नुसता टेकलेला असतो. साडेतीन मीटरचा सगळा करंट त्या एका टोकदार स्पर्शातून जातो, तिथे उष्णता होते. ॲडॉप्टर बदललात तरी तो जोड जळणारच. पट्टी जोडायचीच तर सोल्डर करून, आणि वीज दोन्ही टोकांनी द्यायची.

पण मी म्हणतो, जोडूच नका. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दाणे ओळीने असतात आणि त्यांच्या जोडीला रेझिस्टर. दाण्यांना लागतात नऊ-साडेनऊ व्होल्ट, उरलेले रेझिस्टर तापवण्यात जातात. विजेचा पाचवा हिस्सा तिथेच गेला. ही पट्टी शोभेसाठी बनलेली आहे, झाडाचं पोट भरायला नाही.

आता तुळस का सुधारत नाही ते. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. झाड मोजतं ते प्रकाशकण, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ६५ ने भागा, साधारण मायक्रोमोल (मोल हे त्या कणांच्या मोजणीचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग) मिळतात, दर चौरस मीटरला दर सेकंदाला. तुमचे २,५०० लक्स म्हणजे ३८. १४ तासांचे सेकंद ५०,४००. गुणाकार केला की दिवसाला १.९ मोल. तुळशीला भरदार व्हायला १० मोल तरी हवेत. आपल्याकडे उन्हाळ्यात निरभ्र दिवशी उघड्यावर ४० च्या वर पडतात. तेव्हा सासूबाईंचं निदान बरोबर आहे, झाड उपाशीच आहे. तुम्ही उपाशी माणसाला तिप्पट चहा दिलात.

जांभळ्या बल्बवर ५० लिहिलेलं असतं, खातो किती ते मोजून बघा. माझ्या भाच्याने असाच एक आणला होता, मीटरवर ९ वॅट निघाले. जांभळा उजेड खोटा नसतो, लाल आणि निळा पानं भरपूर शोषतात. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळी चिपच असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपासची. तिच्यावरचा पिवळा लेप बाकीचे रंग तयार करतो. झाडाला त्यातलं सगळं चालतं, हिरवासुद्धा. आणि पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडलं तर दिसतं तरी. जांभळ्यात सगळीच पानं काळी.

काय करायचं: नेहमीची दोन फुटी, १० वॅटची एलईडी ट्यूब, बॉडीसकट येते ती. दुकानात 'बॅटन' म्हणा. खोक्यावर १,००० ल्यूमेन (ट्यूब एकूण किती उजेड देते त्याचं माप) छापलेले बघून घ्या, ८०० असेल तर परत करा. अशा सहा. रॅकची फळी दोन फूट बाय सव्वा फूट असेल तर सहा ट्यूब शेजारी-शेजारी बसतात. ६,००० ल्यूमेनपैकी एक तृतीयांश इकडेतिकडे वाया गेले तरी पानांवर १५ ते १७ हजार लक्स यायला हवेत. ६५ ने भागून १३ तासांचा हिशोब करा, ११-१२ मोल होतात. पोट भरलं.

ट्यूब पानांपासून वीतभर उंचीवर. रॅकच्या तिन्ही बाजू पांढऱ्या करा. चांदीचा कागद लावू नका: चुरगळला की उजेड कुठेही फेकतो, आणि वायरजवळ लोंबला तर झटका देतो.

वायरिंग सोपं आहे, पण इथे पाणी आहे हे डोक्यात ठेवा. लोखंडी रॅकला अर्थिंग करा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून आधी तो बसवा. प्लग कुंडीपेक्षा वर. वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

---

चमचमाट
९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

काका, सहा ट्यूब कशाला? लॅमिंग्टन रोडला ५० वॅटची डीओबी चिप शंभरच्या आत मिळते. थेट २३० व्होल्टवर चालते, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) चिपवरच असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चार स्क्रू मारले की काम झालं. मी बुरशीच्या पेटीत लावलीय.

---

तांब्याची तार
९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

चमचमाट, तुमचं वय लहान असावं म्हणून प्रेमाने लिहितो.

त्या चिपमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, आयसोलेशन नाही. मेनचा २३० व्होल्ट आणि खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यात फक्त एक पातळ थर असतो. स्क्रू तिरका बसला किंवा चिप तापून थर फाटला की पत्रा जिवंत. मी स्वतः अशी चिप जुन्या हीटसिंकवर लावून मिरचीची रोपं वाढवत होतो. पाणी मारून ओल्या हाताने हीटसिंक सरकवायला गेलो. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि रोपांचा ट्रे उलटला. आरसीसीबी पडला म्हणून आज हे लिहितोय. ३१ वर्षं पॅनेल करणाऱ्या माणसाचं हे झालं, आणि बायकोने आजपर्यंत ते विसरू दिलेलं नाही.

शिवाय ५० वॅट एका बोटभर चौकोनातून. उष्णता काढायला तेवढंच मोठं हीटसिंक लागतं, आणि उजेड एका ठिपक्यातून येतो: मधलं पान भाजतं, कडेचं उपाशी. तुळशीच्या रॅकला ट्यूबच बऱ्या.

आणि बुरशीला उजेड कशाला हो एवढा?

---

थंडीतला कढीपत्ता
९ ऑक्टोबर, रात्री ९:३५

मी कॅल्गरीहून. डिसेंबरात आमचा दिवस आठ तासांचाही नसतो, त्यामुळे हे दुःख जवळचं.

तारकाकांचा हिशोब पटला. माझ्या कढीपत्त्याला बेसमेंटमध्ये चार फुटी दुकानी ट्यूब आहेत, दोन, प्रत्येकी ४० वॅट. ग्रो लाइट वगैरे काही नाही, गॅरेजमध्ये लावतात त्याच. सातवा हिवाळा आहे. पहिल्या वर्षी झाडाची सगळी पानं गळली आणि मी उजेडाला दोष देत बसले. निघालं वेगळंच. कुंडी सिमेंटच्या जमिनीवर होती, मुळं गारठली होती, आणि मी आईच्या सवयीने रोज पाणी घालत होते. कुंडी स्टुलावर ठेवली, पाणी दहा दिवसांतून एकदा केलं. फेब्रुवारीत डोळे फुटले.

गवती चहाताई, तुमच्याकडे गारठ्याचा प्रश्न नाही, पण पाण्याचं लक्षात ठेवा. उजेड कमी असताना झाड पाणीही कमी पितं. तुळशीला रोज तांब्याभर पाणी पडत असेल तर तेही एक कारण असू शकतं. (सासूबाईंना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

---

माणदेशी
१० ऑक्टोबर, रात्री ८:१५

शेवंतीचं कुणीच बोललं नाय म्हणून लिव्हतो.

ताई, तुम्ही रात्री अकरापर्यंत लाइट लावताय, म्हणून कळ्या नायत. शेवंतीला रात्र लांब लागती. रात्र लहान दिसली की तिला वाटतं अजून उन्हाळाच हाय, फुलायचं कशाला. फुलशेतीवाले मुद्दाम रात्री बल्ब लावून शेवंती थोपवून धरतात, सणाच्या बाजाराला फुलं काढायची म्हणून.

आमच्याकडं उलटं. आटपाडीजवळ माझं ड्रॅगन फ्रूट हाय, पावणेदोन एकर. ह्या झाडाला दिवस मोठा लागतो. जून ते ऑक्टोबर आपोआप फुलतं, थंडीत गप बसतं. मग आमी रात्री चार तास बल्ब लावतो, झाड फसतं आन् कळी काढतं. व्हिएतनामवाले लई आधीपास्नं करत्यात.

पण एक ध्यानात घ्या. आमचे बल्ब दोन ओळींत लांब-लांब असतात, खाली पेपर वाचाय येईल एवढाच उजेड. तेवढ्यावर झाड जगत नाय, त्याला फक्त निरोप मिळतो. जेवण दिवसा उन्हातनं. तुमच्या तुळशीला जेवण पायजे, शेवंतीला निरोप चुकीचा चाललाय. दोघींना एका फळीवर ठेवू नका. शेवंती शेजारणीच्या खिडकीत द्या महिनाभर.

कोथिंबीर लावणार असाल तर तिलाबी लांब दिवस दिला की लगेच फुलावर जाती.

---

गवती चहा
१० ऑक्टोबर, रात्री १०:५०

माणदेशी दादा, शेवंती आत्ताच शेजारणीकडे पोचवली. तिने "फुलं आली तर निम्मी माझी" अशी अट घातलीय.

तारकाका, ॲडॉप्टर काढला. उघडून बघितला तर आतला एक कपॅसिटर वरून फुगलेला, टम्म पुरीसारखा. ह्यांना दाखवला. ते म्हणाले मखराच्या वेळी चांगला होता. मी काही बोलले नाही.

सहा ट्यूबची यादी घेऊन शनिवारी निघते.

---

गवती चहा
१४ डिसेंबर, सकाळी ११:१५

दोन महिन्यांनी येते आहे. विचारणाऱ्यांना आधीच सॉरी.

स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात १० वॅटची दोन फुटी ट्यूब १५० ला मिळाली. पहिल्या दुकानदाराने ८०० ल्यूमेनचीच दाखवली आणि "सगळ्या सारख्याच असतात मॅडम" म्हणाला. दुसऱ्याकडे १,००० ची होती. सहांचे ९००, टायमरचे ४००, वायर, प्लग आणि स्क्रूचे २६०. आरसीसीबी आमच्याकडे होताच, इलेक्ट्रिशियनने टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि रॅकला अर्थिंगची वायर जोडून दिली, त्याचे ३००. एकूण १,८६०.

तिन्ही बाजू पांढऱ्या करायला काय वापरलं असेल? मखराचा सनबोर्ड. थर्माकोलबंदी झाल्यापासून आम्ही तोच आणतो आणि दरवर्षी गाद्यांच्या कपाटावर रचून ठेवतो. मागची कमान अजून तशीच आहे, त्यामुळे तुळस आता सोनेरी नक्षीच्या महिरपीत बसलेली दिसते. सासूबाई खूश.

वीतभर खाली १५,५०० लक्स आले. १३ तास, ११ मोल. हिशोब मुलीने वहीत तीनदा करून दाखवला.

एक चूक केली. तारकाकांनी वीत सांगितली होती, मी उत्साहात कुंडी विटांवर चढवून पानं ट्यूबपासून दोन बोटांवर आणली. चौथ्या दिवशी वरची पानं पांढरट. इतके दिवस अंधारात राहिलेलं झाड, एकदम पंगतीला बसवलं. विटा काढल्या, पहिले दहा दिवस सहापैकी तीनच ट्यूब लावल्या, मग चार, मग सहा. ती पानं गळाली, मागून आलेली चांगली निघाली.

आजचं माप, तीच टेप: नव्या फांदीवर दोन पेरांमधलं अंतर पाऊण इंच. जुन्या लांबलचक काड्या छाटून टाकल्या. पुदिना इतका माजलाय की चटणीचं निमित्त शोधावं लागतं. लाइट बिलात महिन्याला २३ युनिट वाढले, आमच्या स्लॅबला सगळं धरून २३० च्या आसपास.

पाण्याचं सासूबाईंना मी सांगितलंच नाही. तांब्या बदलला. पूजेचा मोठा होता त्याच्या जागी छोटी लोटी ठेवली. त्यांच्या लक्षात आलंय असं मला वाटतं, पण दोघी गप्प आहोत.

टायमर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ असा लावलाय. मी आधी सकाळी ९ ते रात्री १० ठेवणार होते, कारण तेव्हा मी घरात असते. सासूबाई म्हणाल्या, दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नाहीत, मग तिच्या डोळ्यावर उजेड कशाला मारतेस, झोपू दे तिला. माणदेशी दादांचं शेवंतीचं आठवलं आणि वाद घातला नाही. आता सातला खटकन ट्यूब बंद होतात आणि त्या निरांजन लावतात. त्या दोन मिनिटांत बाल्कनी अशी दिसते की समोरच्या टॉवरची आठवण राहत नाही.

शेवंतीला १७ फुलं आली. शेजारीण आठ द्या म्हणते, मी म्हणते साडेआठ, तूच घे जास्त.

एक प्रश्न उरलाय. चौथी ट्यूब सुरू होताना दोन-तीनदा लुकलुकते, मग नीट चालते. काय असेल?

---

तांब्याची तार
१४ डिसेंबर, दुपारी १२:०५

प्लग काढून त्या ट्यूबच्या मागची जोडपिन बघा. सैल असेल तर घट्ट बसवा. तरी लुकलुकली तर आतला ड्रायव्हर कमजोर आहे. खोक्यावर दोन वर्षांची वॉरंटी असेल, बदलून घ्या. बिल ठेवलंय ना?

आणि वायरच्या झोलाचा फोटो टाका. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

---

गवती चहा
१४ डिसेंबर, दुपारी १२:३०

बिल आहे. झोल आज संध्याकाळपर्यंत होईल.